मुंबई पाहण्याचा हक्क

चिंचपाडा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे एक लहान स्टेशन. नवापूर तालुक्यातले, चहूबाजूंनी आदिवासी पाड्यांनी वेढलेले. आमच्याकडचा माणूस मुंबईला निघाला की आधी पश्चिमेला जातो, नवापूरच्या फलाटावर राज्याची सीमा ओलांडतो, सुरतेला गाडी बदलतो आणि मग दक्षिणेकडे वळतो. इतिहासही याच वाटेने गेला आहे. पश्चिम किनाऱ्यावरचे थोर बंदर आधी सुरत होते. ईस्ट इंडिया कंपनीने १६८७ साली आपले मुख्य ठाणे तिथून मुंबईला हलवले आणि बंदराचे वैभव हळूहळू खाली सरकले.

१९७८ च्या हिवाळ्यात मी शिकत होतो त्या शाळेची सहल मुंबईला गेली. वडील रेल्वेत गँगमन होते. दरवर्षी सहा डिसेंबरला ते मुंबईला जात. मी मात्र तोवर मुंबई पाहिलेली नव्हती. सहलीआधी आम्हाला सायक्लोस्टाईल केलेला एक कागद मिळाला. त्यावर प्रेक्षणीय स्थळे होती : गेटवे ऑफ इंडिया, म्युझियम, राणीचा बाग, हँगिंग गार्डन, तारापोरवाला मत्स्यालय, गिरगाव चौपाटी. मी कागद दोनदा वाचला आणि विचारले, "गुरुजी, चैत्यभूमी?" गुरुजी रागावले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "अरे, ते प्रेक्षणीय स्थळ नाही. सहलीत पाहण्यासारखं तेवढं पाहायचं असतं."

दादरच्या समुद्रकाठी स्तूप उभा राहून तेव्हा सात वर्षे झाली होती. आमची बस दादरवरूनच गेली.

हा प्रसंग तक्रार म्हणून सांगत नाही. गुरुजी वाईट नव्हते. त्यांच्या हाती जी यादी आली ती त्यांनी आमच्या हाती दिली. पण शहरात पाहण्यासारखे काय हे कोण ठरवते, आणि शहर पाहण्याचा हक्क मुळात कोणाला होता, हे दोन प्रश्न मला त्या दिवसापासून सुटलेले नाहीत. त्यांचा इतिहास मांडावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मराठीत मुंबईची ओळख करून देणारी पुस्तके जुनी आहेत. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली निघाले, आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' १८८९ साली. त्याच काळात शहराचे आजचे रूप घडत होते. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८७५ साली कुलाब्याचा ससून डॉक बांधून झाला, १८८८ पर्यंत व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत पुरी झाली, १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक खुला झाला. पाहुण्याला या इमारती दाखवताना वास्तुविशारदाचे नाव सांगितले जाते. स्टीव्हन्सचे नाव सांगतात, विटेटचे सांगतात. दगड फोडणारा, भराव टाकणारा, गोदीत पाठीवर पोती वाहणारा माणूस निनावी राहतो. त्यांत कोकणातले, घाटावरचे, तेलंगणातले बहिष्कृत मोठ्या संख्येने होते. कापडगिरण्यांतही त्यांना जागा मिळाली, पण विणकाम खात्याचे दार बंद होते. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचे सूत सवर्ण कामगाराला चालत नसे. ज्या खात्यात पगार बरा, तिथेच विटाळ आडवा आला. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवावा लागला. गिरणीची चिमणी आता पाहुण्यांना वारसा म्हणून दाखवतात. त्या वारशात हेही येते.

आता गेटवेकडे पाहू, कारण मुंबईचे चित्र म्हटले की तीच कमान डोळ्यांसमोर येते. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी या बंदरावर उतरले. कमान तेव्हा नव्हती. त्या उतरण्याची आठवण म्हणून १९१३ साली पायाचा दगड बसला आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी ती खुली केली. राजाराणीच्या आगमनाचा लेख कमानीवर कोरलेला आहे. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश पलटणीची अखेरची तुकडी याच कमानीतून बोटीवर चढली. जे दार राजाच्या येण्यासाठी बांधले, त्यातून राज्य बाहेर गेले. हे मार्गदर्शक सांगतात, आणि ते खरेच आहे.

परंतु १९२४ हेच वर्ष आणखी एका गोष्टीचे आहे. त्या वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. तिथून जवळच पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत, पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकाच्या खोल्यांत, परदेशातून पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर आपल्या कुटुंबासह राहत होता. एकाच शहरात, एकाच वर्षी, दोन दरवाजे उघडले. एक दगडी, राजासाठी. दुसरा चाळीतल्या माणसांसाठी. सहलीच्या कागदावर पहिलाच आला.

येथे दुसरा प्रश्न पुढे येतो. पाहण्याचा हक्क. तलाव, रस्ता, धर्मशाळा, उपाहारगृह यांच्याशिवाय प्रवास होत नाही. ज्याला पाणी पिता येत नाही आणि रात्री टेकता येत नाही, त्याला हिंडता येत नाही. अस्पृश्याला स्थलदर्शन नव्हते याचे कारण त्याला हौस नव्हती हे नव्हे. त्याला वाट नव्हती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असे त्यात होते. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले.

आणि तरीही १९३४ साली काय घडले ते पाहा. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना म्हटले, आपण कुठेतरी पाहायला जाऊ या. वेरूळची लेणी पाहायची ठरली. नाशिकहून सुमारे तीस माणसे निघाली. वाटेत अपमान नको म्हणून साध्या प्रवाशांसारखे, ओळख न देता जायचे ठरले होते. दौलताबादला किल्ला पाहण्यासाठी थांबले. अंगावर प्रवासाची धूळ होती. किल्ल्याच्या दाराजवळ काठोकाठ भरलेले एक लहान टाके होते. काहींनी त्यात हातपाय, तोंड धुतले. एवढ्यावरून एक म्हातारा ओरडत मागे आला, माणसे जमली, टाके बाटवले म्हणून शिव्या सुरू झाल्या. ओरडणारे मुसलमान होते. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत कुठे पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि ती मोडू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई दिला गेला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले. ते लेखन १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले. त्यांनी काढलेला निष्कर्ष कडू आहे : हिंदूला जो अस्पृश्य, तो मुसलमानालाही अस्पृश्यच.

मित्रांनो, ही सहल होती. मोर्चा नव्हता, सत्याग्रह नव्हता. कामाने थकलेली माणसे दोन दिवस लेणी पाहायला निघाली होती. तेवढ्यासाठीही पाठीशी बंदूक लागली. म्हणून २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानातल्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम मी वर्गात नेहमी या प्रसंगानंतर शिकवतो. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा : जातीच्या, धर्माच्या कारणाने यांतले काहीही कोणा नागरिकाला नाकारता येणार नाही. ही यादी पुन्हा वाचा. प्रवासाला निघालेल्या माणसाला जे जे लागते ते सगळे तिच्यात आहे. दौलताबादच्या टाक्याचे पाणी या कलमात आहे.

आज मुंबईत एका वेळी सर्वाधिक बाहेरगावचे लोक कधी येत असतील तर ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. लाखो माणसे चैत्यभूमीवर येतात, शिवाजी पार्कवर रात्र काढतात, पुस्तकांच्या दुकानांतून फिरतात, मग बायकापोरांना घेऊन राजगृह आणि गेटवे पाहतात. आमचे वडीलही गेटवे पाहत, समुद्र पाहत आणि परत येऊन त्याचे वर्णन करीत. अशा पाहुण्याला कोणी पर्यटक म्हणत नाही. त्याला गर्दी म्हणतात. दादर टाळा, असे शहरातले लोक एकमेकांना सांगतात. बोटीने येणारा आणि रेल्वेने येणारा, समुद्र दोघेही तोच पाहतात. एकाचे स्वागत होते, दुसऱ्याची अडचण.

पुढे मी शिक्षक झालो आणि सहलीचा कागद माझ्या हाती आला. आमच्या वर्गांत बहुतेक मुले मावची, भिल्ल, कोकणी. मी क्रम बदलला. सुरतेकडून येणारी गाडी बोरिवलीला थांबते. पहाटे तिथेच उतरून आधी कान्हेरी. शंभराहून अधिक बौद्ध लेणी तिथे डोंगरात कोरलेली आहेत. तिथले शिलालेख कोणाची नावे सांगतात? राजाचे नाव येते, पण व्यापाऱ्यांची, कारागिरांचीही येतात. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिले. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. पाणी आणि वाट. जे पुढे अठराशे वर्षांनी आपल्याला मागावे लागले, ते इथे कारागिरांनी सर्वांसाठी दिलेले आहे. गेटवेवर राजाचे नाव, कान्हेरीत लोहाराचे. मुलांना हे फार सांगावे लागले नाही. घारापुरीलाही असेच आहे. गेटवेहून लाँच जाते, लोक शिवाची लेणी पाहून परततात; पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध स्तूप आहे, तिकडे फारसे कोणी वळत नाही.

कान्हेरीहून उतरताना एका मावची मुलीने मला विचारले, "सर, या जंगलात पाडे दिसतात. इथं आपले लोक राहतात का?" बोरिवलीच्या आणि आरेच्या जंगलात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत, हे मला ठाऊक होते. माझ्या कागदावर ते नव्हते. गुरुजींच्या यादीत माझी जागा नव्हती. माझ्या यादीत तिची नव्हती. मी तिला गुरुजींचेच उत्तर देऊ शकलो असतो, की पाडा हे काही प्रेक्षणीय स्थळ नाही. आणि एका अर्थी ते खरेही आहे. तिथे माणसे राहतात, ती कोणी येऊन पाहण्यासाठी नाहीत. पण या बंदराच्या काठी कोळी आणि जंगलात आदिवासी आधी होते, शहर नंतर आले, एवढे तरी सहलीत सांगितले गेलेच पाहिजे. त्या दिवशी आम्ही वाटेच्या कडेला बसलो आणि त्याबद्दलच बोललो. दुपारचे म्युझियम राहून गेले. संध्याकाळी दादरला स्तूपापाशी पोहोचलो तेव्हा समुद्राला भरती होती. त्या मुलीने घरी न्यायला म्हणून तिथली चार शिंपले वहीत ठेवली.

शाळांच्या सहली आखणारे शिक्षक आता आपल्यातही आहेत. त्यांना एवढेच सांगायचे आहे. गेटवे वगळू नका. तो आपल्याही घामाचा आहे, आणि तिथे उभे राहण्याचा हक्क फुकट आलेला नाही. पण कागदावर पोयबावडीची चाळ लिहा, राजगृह लिहा, फोर्टमधले सिद्धार्थ कॉलेज लिहा, कान्हेरी आणि चैत्यभूमी लिहा. आणि कागद छापण्याआधी तो वर्गात वाचून दाखवा. कोणीतरी हात वर करील. त्याने सांगितलेले नावही त्यात घाला.