अहमदिया करार (इ. स. १७५२) : लष्करी मदतीच्या राजनीतीचा एक अभ्यास

प्रस्तावना :
संकटग्रस्त सत्तेस लष्करी मदत देणे हा केवळ रणांगणाचा प्रश्न नसतो. मदतीचा मोबदला, ती पोहोचण्यास लागणारा काळ आणि मदत मागणाऱ्या दरबारातील एकमत यांवर तिचे यश अवलंबून असते. एप्रिल १७५२ मध्ये मोगल वजीर सफदरजंग व मराठे यांच्यात झालेला अहमदिया करार या दृष्टीने उद्बोधक आहे.

पार्श्वभूमी व तरतुदी :
अहमदशहा अब्दालीच्या तिसऱ्या स्वारीत पंजाबचा सुभेदार मुईन-उल्-मुल्क लाहोर येथे सुमारे चार महिने झुंजत होता. दिल्लीहून कुमक न आल्याने मार्च १७५२ मध्ये त्यास शरण जावे लागले. वजीर त्या वेळी रोहिले व पठाणांविरुद्धच्या मोहिमेत गुंतला होता. तेथे नीराकाठच्या होळ गावच्या घराण्यातील मल्हारराव होळकर व जयाप्पा शिंदे यांच्या फौजांचाच त्यास आधार होता. बादशहाने त्यास मराठ्यांसह दिल्लीस पाचारण केले. करारान्वये मराठ्यांनी अब्दाली व अंतर्गत शत्रूंपासून बादशाहीचे रक्षण करावयाचे होते. मोबदल्यात ५० लाख रुपये (पैकी अब्दालीविरुद्धच्या कामगिरीबद्दल ३० लाख), पंजाब, सिंध व अंतर्वेदीची चौथाई आणि अजमेर व आग्रा या सुभ्यांची सुभेदारी देण्याचे ठरले.

कराराचे अपयश :
मराठी फौजा दिल्लीस पोहोचण्यापूर्वीच बादशहाने लाहोर व मुलतान अब्दालीस देऊन तह केला. वजिराचे धोरण युद्धाचे, तर खोजा जाविदखानाच्या प्रभावाखालील दरबाराचे धोरण प्रदेश देऊन शांतता विकत घेण्याचे होते. परिणामी करारास बादशाही मान्यता मिळाली नाही. दाराशी आलेल्या फौजेचे देणे मात्र उरले. अखेर निजामुल्मुल्काचा ज्येष्ठ पुत्र गाजीउद्दीन याने दक्षिणेच्या सुभेदारीसाठी ३० लाख रुपये देण्याचे कबूल केले व मराठे त्याच्यासमवेत दक्षिणेकडे वळले. ऑक्टोबर १७५२ मध्ये औरंगाबाद येथे त्याचा मृत्यू झाला.

निष्कर्ष :
मराठ्यांनी करार वजिराशी केला, तख्ताशी नव्हे; हेच त्याचे मूळ वैगुण्य होय. तथापि वायव्येच्या रक्षणाची कल्पना मराठी राजकारणात टिकून राहिली आणि १७५८ मध्ये मराठी फौजा लाहोरात पोहोचल्या. परंतु मदतीच्या कराराने कायमचा मित्र मिळत नाही, हेही पुढे स्पष्ट झाले. सफदरजंग १७५४ मध्ये निवर्तला आणि १७६१ मध्ये त्याचाच पुत्र शुजाउद्दौला पानिपतावर अब्दालीच्या पक्षात उभा होता.