कावेरीकाठची एक समाधी

तिरुवैयारूला कावेरीकाठी, त्यागराजांच्या समाधीसमोर, बंगळूर नागरत्नम्मांची समाधी आहे. प्रतापसिंह भोसल्यांच्या तंजावर दरबारातील मुद्दुपळनीचे 'राधिका सांत्वनम्' हे तेलुगू काव्य त्यांनी १९१० साली पुन्हा छापले. स्त्रीने स्त्रीदेहाविषयी इतके मोकळे लिहावे, हे अश्लील ठरले. सरकारने बंदी घातली. पुरुष कवींचे स्तनांना दिलेले सुवर्णकलश मात्र बिनबोभाट छापले जात होते! त्याच उपमांशी स्वतःला ताडून पाहत कितीएक मुली आजही मनात झुरतात, विचारायचे कोणाला? वस्तुतः स्तनांचा आकार मुख्यतः मेदावर ठरतो, दूध तयार होते ते ग्रंथींत. म्हणून लहान आकाराची आडकाठी सहसा येत नाही. एक बाजू दुसरीहून किंचित मोठी असणे, हेही नित्याचेच. नवी गाठ हाताला लागली, तर मात्र ती डॉक्टरांना दाखवावी.