मानगुटीतून उठणारी डोकेदुखी आणि शस्त्रक्रिया

डोकेदुखीच्या बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज कधीच पडत नाही. अर्धशिशी असो वा ताणामुळे होणारी डोकेदुखी, तिचा उपचार औषधांनीच होतो. मात्र काही थोड्या रुग्णांच्या वेदनेचे मूळ मानगुटीतील एका मज्जातंतूत असते. या विकारास ‘ऑक्सिपिटल न्यूरॅल्जिया’ म्हणतात. ‘शीर दबली आहे’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. येथे ते शब्दशः खरे असू शकते.

मानेच्या पहिल्या व दुसऱ्या मणक्यांमधून बाहेर पडणारा हा मज्जातंतू मानेचे जाड स्नायू भेदून कवटीच्या मागील बाजूने टाळूपर्यंत जातो. वाटेत स्नायूंनी वा शेजारच्या रक्तवाहिनीने तो दाबला गेल्यास विजेचा झटका बसावा तशी कळ मानेतून वर चढते. ती काही सेकंद ते काही मिनिटे टिकते. केस विंचरणे किंवा उशीवर डोके टेकणेही असह्य होते. कित्येकदा वेदना डोळ्यामागे जाणवते आणि रुग्ण प्रथम नेत्रतज्ज्ञाकडे जातो.

निदानाची मुख्य कसोटी म्हणजे मज्जातंतूभोवती बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन. त्याने वेदना तात्पुरती थांबली, तर संशय बळावतो. पण याच इंजेक्शनने अर्धशिशीही शमू शकते. म्हणून केवळ एका इंजेक्शनच्या आधारे शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे घाईचे ठरते. गाबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे आणि स्टिरॉइडयुक्त इंजेक्शने निष्फळ ठरल्यावरच पुढचा विचार व्हावा.

शस्त्रक्रियेचे प्रमुख प्रकार तीन. पहिल्यात मज्जातंतूवरील स्नायूचा दाब दूर करून तो मोकळा केला जातो. दुसऱ्यात त्याचे मूळ किंवा मुळाशी असलेली गाठ, म्हणजे गँग्लिऑन, काढली जाते. संवेदनापेशी या गाठीतच असल्याने तो भाग कायमचा बधिर होतो. तिसऱ्यात त्वचेखाली तारा बसवून मज्जातंतूला सौम्य विद्युत् संवेग दिले जातात. तारा जागेवरून सरकणे ही यातील नित्याची अडचण आहे.

या गाठीचा संबंध मुंबईच्या केईएम रुग्णालयातील एका जगन्मान्य तंत्राशी येतो. डॉ. अतुल गोयल आणि त्यांचे सहकारी लाहेरी यांनी 1994 मध्ये मानेचे पहिले दोन मणके पट्टी व स्क्रूंनी जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी गोयल हे दुसऱ्या मणक्याचे गँग्लिऑन कापतात. त्यामुळे डोक्याच्या मागील भागाला बधिरपणा येतो. बहुतेक रुग्ण तो सहन करतात. मज्जातंतू वाचवावा, असे मानणारे शल्यविशारदही आहेत. परंतु वाचवलेला मज्जातंतू स्क्रूमुळे डिवचला जाऊन दुखू शकतो. हे दोन मणके अस्थिर असल्यानेच डोके दुखत असेल, तर मज्जातंतूपेक्षा सांध्याकडे लक्ष देणे अधिक योग्य होय. मान वाकवून व ताणून काढलेला एक्स-रे म्हणूनच महत्त्वाचा.

अर्धशिशीवरही अशी शस्त्रक्रिया करण्याचा दावा अमेरिकेतील शल्यविशारद बहमन गुयुरॉन यांनी केला. त्यांच्या 2009 च्या चाचणीत खरी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 83.7 टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला. परंतु निव्वळ छेद देऊन शिवलेल्या, म्हणजे लुटुपुटूच्या शस्त्रक्रियेच्या गटातही 57.7 टक्के जणांना बरे वाटले! हा दुसरा आकडा जाहिरातींत सहसा दिसत नाही. अमेरिकेतील डोकेदुखी-तज्ज्ञांच्या संस्थेने 2013 मध्ये, अर्धशिशीसाठी अशी शस्त्रक्रिया संशोधन चाचणीबाहेर करू नये, असा सल्ला दिला.

गोव्यातील रुग्णांसाठी बांबोळीच्या गोमेकॉत न्यूरोसर्जरी विभाग आहे. तेथे जाण्यापूर्वी महिनाभराची नोंद ठेवावी: कळ कोठून उठली, किती वेळ टिकली, किती गोळ्या घेतल्या. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास त्याच डोकेदुखीचे कारण बनू शकतात. मात्र अचानक उठलेली अतितीव्र डोकेदुखी, ताप येऊन मान ताठणे किंवा हातापायांतील शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास नोंदी करत न बसता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.