पणजी : मांडवीवरील कॅसिनो

गोव्याची राजधानी. मांडवीच्या डाव्या तीरावरील या शहराला 1843 मध्ये पोर्तुगीज राजधानीचा दर्जा मिळाला. देशभरातून येणाऱ्या पर्यटकांत आज त्याची ओळख नदीत उभ्या असलेल्या जुगाराच्या जहाजांमुळे अधिक आहे. अमेरिकेतील लास वेगासशी त्याची तुलना होते, पण ती अपुरी आहे. नेवाडा राज्याने 1931 मध्ये जुगाराला मान्यता दिली आणि वाळवंटातले ते छोटे गाव त्याच धंद्यावर वाढले. पणजी मात्र आधीपासूनच नांदते शहर होते. जुगार तिथे फार उशिरा आला आणि थेट शहराच्या दर्शनी भागात येऊन बसला.

याचे मूळ कायद्यात आहे. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार अधिनियम 1976 चा. त्यात 1992 मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक यंत्रांवरील खेळांना वाट मिळाली आणि 1996 मध्ये जहाजांवरील खेळांनाही. म्हणून रूले, ब्लॅकजॅक, बकारा, तीन पत्ती, अंदर-बाहर यांची टेबले पाण्यावर आहेत, तर किनाऱ्यावरच्या हॉटेलांना यंत्रांचीच परवानगी आहे. कायद्याने पाणी सांगितले, पण जहाजे खोल समुद्रात न जाता मांडवीतच नांगरून राहिली. ती हलवण्याचे आश्वासन वेगवेगळ्या सरकारांनी दिले आणि नदीत राहण्याची मुदतही पुन्हा पुन्हा वाढवली.

पर्यटक दयानंद बांदोडकर मार्गालगतच्या धक्क्यांवर तिकीट घेतो आणि छोट्या बोटीने जहाजावर पोहोचतो. 21 वर्षांखालील व्यक्तीला खेळाच्या दालनात प्रवेश नाही. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांनाही तिथे खेळण्यास बंदी आहे. स्थानिकांची घरे वाचावीत म्हणून हा नियम आला, आणि तो योग्यच आहे. पण बाहेरून येणाऱ्यांच्या घरांचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. खेळासाठी भरलेल्या रकमेवर ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे पहिला डाव मांडण्याआधीच खिशाला मोठी कात्री लागते.

जुलै 2017 मध्ये मांडवीकडे आणले जाणारे ‘लकी सेव्हन’ हे कॅसिनो जहाज भर पावसाळ्यात मिरामारच्या किनाऱ्यावर रुतले आणि पुढे बरेच दिवस तिथेच अडकून पडले. कॅसिनोविरोधी आंदोलने त्याआधीही होती, नंतरही झाली. रोजगार आणि महसूल हे बाजूने मांडले जाणारे मुद्दे खरे आहेत, तरी नदीकाठावर शहराचा हक्क पहिला असायला हवा.

शेजारच्या महाराष्ट्राने कॅसिनो नियंत्रण व कर कायदा 1976 मध्येच केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या खेळणाऱ्यालाही गोव्याचीच वाट धरावी लागते.

जुगार न खेळताही पणजीत दिवस भरगच्च जातो. आदिलशाही राजवाडा असलेले जुने सचिवालय, त्याच्या शेजारचा आबे फारिया यांचा पुतळा, फोंताइन्हासच्या रंगीत घरांच्या गल्ल्या, रायबंदरकडे जाणारा सतराव्या शतकातला दगडी सेतू आणि बेतीला जाणारी फेरीबोट. नदी पाहायची असेल तर ही फेरीच घ्यावी.