ऑनलाइन चांदी खरेदी : शुद्धतेची खातरजमा कशी करावी?

जबलपूर : चांदीची नाणी, बिस्किटे आणि विटा आता भ्रमणध्वनीवरून मागवून घरपोच मिळवता येतात. मात्र सराफाच्या पेढीवर ग्राहकासमोर होणारी वजनाची व कसाची पारख या व्यवहारात होत नाही. नेपियर टाउनसारख्या वस्तीत राहणाऱ्या कुटुंबाला पूर्वी चांदीसाठी कमानिया गेटजवळचा सराफा बाजार गाठावा लागे. आता माल थेट दाराशी येतो आणि पारखण्याची जबाबदारीही त्याच्यासोबत ग्राहकाकडे येते. डिसेंबर २०२५ मध्ये वायदे बाजारात चांदीने किलोमागे २ लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या दराने १०० ग्रॅमची एक वीट बनावट निघाली, तरी नुकसान २० हजार रुपयांहून अधिक होते.

या खरेदीत कोणतीही एक खूण किंवा एकच चाचणी निर्णायक ठरत नाही. किंमत, विक्रेता, ठसे, वजन-घनता आणि प्रयोगशाळेचा अहवाल या पायऱ्या क्रमाने तपासल्यास फसवणुकीची शक्यता पुष्कळ कमी होते.

मागणी नोंदवण्यापूर्वी

पहिली कसोटी किमतीची आहे. चांदीवर ३ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. दिवसाचा बाजारभाव, त्यावरील कर, घडणावळ आणि वाहतूक खर्च मिळून वाजवी किंमत ठरते. लहान नाण्यांवर घडणावळीचा भार जास्त असल्याने १० ग्रॅमचे नाणे किलोच्या विटेपेक्षा दर ग्रॅमला महाग पडते. ‘९९९ शुद्धता’ लिहिलेली वस्तू दिवसाच्या बाजारभावापेक्षाही बरीच स्वस्त मिळत असेल, तर ते सवलतीचे नव्हे, संशयाचे कारण समजावे.

वस्तूचे वर्णन शब्दशः वाचणे आवश्यक आहे. ‘सिल्व्हर प्लेटेड’ म्हणजे दुसऱ्या धातूवर दिलेला चांदीचा मुलामा. ‘जर्मन सिल्व्हर’ हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू असून नाव तसे असले तरी त्यात चांदी नसते. वर्णनात शुद्धतेचा अंक व ग्रॅममधील वजन नसेल, तर ती वस्तू गुंतवणुकीच्या उपयोगाची नाही.

संकेतस्थळाचे नाव प्रसिद्ध असले, तरी माल विकणारा बहुधा वेगळा व्यापारी असतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार अशा मंचाने विक्रेत्याचे नाव, पत्ता व संपर्काचा तपशील ग्राहकाला उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक शासकीय पोर्टलवर पडताळून पाहता येतो.

ठशांचा अर्थ

भारतीय मानक ब्युरोने चांदीसाठी हॉलमार्किंग योजना २००५ मध्ये सुरू केली. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या वस्तूंनाही एचयूआयडी हा विशिष्ट ओळख क्रमांक देण्याची व्यवस्था झाली. सोन्याप्रमाणे चांदीचे हॉलमार्किंग तेव्हा सक्तीचे करण्यात आले नाही. ते ऐच्छिक ठेवले गेले. अशा वस्तूवर ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेची श्रेणी आणि एचयूआयडी असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर टाकून पडताळता येतो. अ‍ॅपवर दिसणारा तपशील हातातील वस्तूशी जुळतो का, हेही पाहावे.

ही योजना मुख्यतः दागिने व चांदीच्या वस्तूंसाठी आहे. विटेवर व बिस्किटावर शुद्धीकरण कारखान्याचे चिन्ह, वजन, शुद्धता आणि बहुधा अनुक्रमांक कोरलेला असतो. विटेवरील अनुक्रमांक सोबतच्या प्रमाणपत्रावर आणि बिलावर तोच असावा. लंडन बुलियन मार्केट असोसिएशनच्या ‘गुड डिलिव्हरी’ यादीचा उल्लेख जाहिरातींत वारंवार आढळतो. ही यादी कारखान्यांची असून तिच्यातील मानक सुमारे १,००० ट्रॉय औंसांच्या मोठ्या विटांना लागू होते. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. त्यामुळे १० ग्रॅमच्या नाण्यावरील असा उल्लेख फार तर कारखान्याची ओळख सांगतो, त्या नाण्याची शुद्धता सिद्ध करत नाही. ठसा आणि छापील प्रमाणपत्र या दोहोंची नक्कल होऊ शकते.

घरी करता येणारी तपासणी

पार्सल फोडताना सलग चित्रीकरण करावे. त्यात पत्त्याची चिठ्ठी, मोहोर, अनुक्रमांक आणि वजनकाट्यावरील आकडा स्पष्ट दिसावा. मोहोरबंद आवरण फोडल्यास काही विक्रेते पुनर्खरेदी नाकारतात किंवा दर कमी देतात. म्हणून विक्रेत्याची अट आधी वाचावी आणि क्रमांकाची पडताळणी झाल्यावरच आवरण उघडायचे की नाही ते ठरवावे.

सर्वांत उपयुक्त घरगुती चाचणी घनतेची आहे. शुद्ध चांदीची घनता दर घनसेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम असते. पाण्याने भरलेले भांडे इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा. वीट बारीक दोऱ्याने बांधून तळाला व कडांना न टेकता पूर्ण बुडवावी. काट्यावर ग्रॅममध्ये दिसणारा आकडा म्हणजेच विटेचे घनसेंटिमीटरमधील आकारमान. १०० ग्रॅम शुद्ध चांदीसाठी तो सुमारे ९.५३ येतो, तांब्यासाठी सुमारे ११.२, पितळेसाठी ११.८ च्या आसपास आणि शिशासाठी ८.८. दहा ग्रॅमच्या नाण्याचा आकडा जेमतेम ०.९५ असल्याने त्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो. स्वयंपाकघरातील साधा काटा पुरेसा नाही.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. मॉलिब्डेनमची घनता १०.२८, म्हणजे चांदीच्या जवळची आहे. शिसे व कथिल योग्य प्रमाणात मिसळूनही चांदीइतकी घनता साधता येते. मात्र असा मिश्रधातू मऊ असतो आणि त्याचा नाद चांदीसारखा खणखणीत येत नाही. ९९९ आणि ९९० शुद्धतेतील फरक तर घरच्या काट्यावर ओळखता येत नाही.

चुंबकाच्या चाचणीचाही अर्थ नीट समजून घ्यावा. वीट चुंबकाला चिकटली तर ती चांदीची नाही हे निश्चित. पण न चिकटल्याने ती चांदी ठरत नाही, कारण तांबे, पितळ व शिसेही चुंबकाला चिकटत नाहीत. चांदीवर बर्फ लवकर वितळतो हे खरे, परंतु तांब्यावरही तो जवळपास तितक्याच वेगाने वितळतो.

अंतिम निर्णय प्रयोगशाळेचा

कसोटीचा दगड आणि आम्लाची परीक्षा ही सराफांची जुनी साधने आहेत. नायट्रिक आम्ल व पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणाने चांदीवर लाल रंग उमटतो. हे द्रावण घातक असल्याने घरी वापरू नये. शिवाय वरवरच्या थेंबाला जाड मुलामाही चांदीसारखाच प्रतिसाद देतो. क्ष-किरणांवर चालणारे एक्सआरएफ यंत्र वस्तूला न कापता काही क्षणांत घटकांचे प्रमाण सांगते, पण तेही पृष्ठभागाजवळचा थरच वाचते. आतील धातूची खात्री नमुना काढून केलेल्या रासायनिक विश्लेषणानेच होते.

जून २०२१ मध्ये सोन्याचे हॉलमार्किंग सक्तीचे झालेल्या देशातील पहिल्या २५६ जिल्ह्यांत जबलपूरचा समावेश होता. तपासणी केंद्राची मान्यता चांदीसाठीही आहे का, हे तेथे जाण्यापूर्वी ब्युरोच्या यादीत पाहावे.

फसवणूक झाल्यास

संशय आल्यास वीट कापू, वितळवू किंवा विकू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. वस्तूच नष्ट झाली, तर मुख्य पुरावाही जातो. याच कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याचा अधिकार दिला आहे. विक्रेता मुंबई, दिल्ली वा अन्यत्र असला, तरी नेपियर टाउनमधील ग्राहक जबलपूरच्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. तक्रारीची मुदत कारण उद्भवल्यापासून दोन वर्षे आहे आणि मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क आकारले जात नाही.

त्याआधी मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. त्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैसे घेऊन विक्रेता गायब झाला असल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर विनाविलंब कळवावे. जितक्या लवकर माहिती मिळेल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

बिल, प्रमाणपत्र, चित्रीकरण आणि पैसे भरल्याची नोंद वीट विकेपर्यंत जपून ठेवावी.