पक्षगणना : चंद्रकला, उपोसथ आणि तेरची वाट

भगवान बुद्धांच्या धम्मात फलज्योतिषाला स्थान नाही, हे आपल्या उपासकवर्गात सर्वश्रुत आहे आणि ते योग्यच आहे. परंतु यावरून चंद्र, तिथी आणि पक्ष यांचे ज्ञानही धम्माला नको होते, असा जो समज हळूहळू रूढ होऊ लागला आहे, तो विनयपिटकाच्या साक्षीवर टिकत नाही. आकाशातील चंद्र पाहून आज पक्षाची कितवी रात्र आहे हे सांगता येणे, ही प्राचीन भिक्खूची एक आवश्यक पात्रता होती. प्रस्तुत लेखात आम्ही या पक्षगणनेचा विचार मूळ पाली साहित्याच्या आधारे करणार असून, धाराशिव जिल्ह्यातील तेर या प्राचीन नगराच्या संदर्भात तिचे व्यावहारिक स्वरूप काय असावे, हेही पाहणार आहोत.

महावग्गातील उपोसथक्खंधक या प्रकरणात उपोसथाची उत्पत्ती सांगितली आहे. अन्य पंथांचे परिव्राजक पक्षाच्या अष्टमी, चतुर्दशी आणि पंचदशीस एकत्र जमून धर्मकथन करीत व लोक ते ऐकावयास जात. मगधराज बिंबिसाराच्या मनात आले की, भिक्खुसंघानेही तसे करावे. भगवंतांनी त्यास अनुमती दिली. प्रारंभी भिक्खू जमत, पण मुकाट बसून राहत. लोकांनी नावे ठेवली, तेव्हा धम्मकथनाची आणि पुढे पक्षातून एकदा पातिमोक्ख म्हणण्याची अनुज्ञा झाली. अर्थात तिथी ही आधीच लोकव्यवहारात होती. संघाने ती स्वीकारली, मात्र तिचा आशय बदलला. यज्ञाचा आणि व्रताचा दिवस हा आत्मपरीक्षणाचा व सामूहिक शिस्तीचा दिवस झाला.

याच प्रकरणात आमच्या विषयाचा गाभा आहे. भिक्षेसाठी फिरणाऱ्या भिक्खूंना लोकांनी विचारले की, आज पक्षाची कितवी आहे? भिक्खूंना सांगता येईना. पक्ष मोजणे एवढी साधी गोष्टही ज्यांना येत नाही, त्यांना दुसरे चांगले काय येत असणार, असे लोक बोलू लागले. हे भगवंतांच्या कानी आले, तेव्हा त्यांनी पक्षगणना शिकण्याची अनुज्ञा दिली. आणि ती कोणी एकाने नव्हे तर सर्वांनीच शिकावी, असे स्पष्ट केले. या 'सर्वांनी' शब्दाचे महत्त्व आम्हांस फार वाटते. ज्या समाजात तिथी सांगणे हा एका वर्गाचा अधिकार होता, तेथे संघाने ते ज्ञान प्रत्येक सदस्याचे कर्तव्य ठरविले.

याच्या उलट भासणारे वचन दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तात आहे. ग्रहणे, चंद्रसूर्यांचे मार्ग, नक्षत्रांचे उदयास्त यांवरून भाकिते सांगून उपजीविका करणे ही तेथे हीन विद्या व मिथ्या आजीविका म्हटली आहे. नक्खत्तजातकातही मुहूर्ताच्या नादी लागून लग्न गमावणाऱ्यांची कथा आहे. पण चुल्लवग्गात अरण्यवासी भिक्खूंना नक्षत्रे आणि दिशा शिकण्यास सांगितले आहे. चोरांनी नक्षत्र आणि दिशा विचारली असता अरण्यातील भिक्खूंना उत्तर देता आले नाही व त्यांनी मार खाल्ला, हा त्या नियमाचा प्रसंग होय. या वचनांत विरोध नाही. आकाशावरून माणसाचे भाग्य सांगून पोट भरणे निषिद्ध. आकाशावरून काळ आणि दिशा ओळखणे विहित. भेद ज्ञानात नसून त्याच्या उपयोगात आहे.

आता चंद्रकलांचे स्वरूप थोडक्यात पाहू. चंद्रावर पडणारी पृथ्वीची छाया कलांना कारण होते, असे अनेक सुशिक्षित लोकही समजतात. ते खरे नाही. ती छाया केवळ चंद्रग्रहणात पडते. चंद्राचा अर्धा भाग सूर्यप्रकाशाने सदैव उजळलेला असतो. त्यातील किती अंश आपल्याकडे वळला आहे, त्यावर कला ठरते. अमावास्येस चंद्र सूर्याच्या दिशेस असतो व त्याच्याबरोबरच उगवतो. शुद्ध अष्टमीस तो सूर्यास्ताच्या सुमारास माथ्याजवळ येतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. पौर्णिमेस तो सूर्याच्या समोर असल्याने एक मावळताना दुसरा उगवतो. वद्य अष्टमीस तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. चंद्रोदय रोज सरासरी सुमारे ५० मिनिटांनी, म्हणजे साधारण दोन घटिकांनी, पुढे जातो. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ दिसतो त्यावरून महिन्याचे नाव पडते. विशाखेवरून वैशाख, कृत्तिकेवरून कार्तिक. पक्ष आणि नक्षत्र एवढे ओळखता आले, की उघड्या माळावरच्या माणसालाही महिना व तिथी कळते.

अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा काळ सरासरी २९.५३ दिवसांचा आहे. म्हणून पक्ष सरसकट १५ दिवसांचा धरला तर चूक साचत जाते. थेरवादी अट्ठकथांनी यावर काढलेला मार्ग सुबोध आहे. वर्षाचे हेमंत, ग्रीष्म व वर्षा असे तीन ऋतू आणि प्रत्येक ऋतूचे आठ पक्ष. त्यांतील तिसरा व सातवा पक्ष १४ दिवसांचा, बाकीचे सहा १५ दिवसांचे. ऋतूचे ११८ दिवस झाले आणि वर्षाचे ३५४. बारा चांद्रमासांचा खरा काळ ३५४.३७ दिवसांचा आहे. बोटांवर करता येणाऱ्या या हिशेबात तीन वर्षांत जेमतेम एका दिवसाचा फरक पडतो आणि तो चंद्राकडे पाहून दुरुस्त करता येतो. उपोसथ 'चातुद्दसिक' की 'पन्नरसिक' हे जाहीर करण्याची जी पद्धत संघात आजही आहे, तिचे मूळ या गणनेत आहे.

ही ऋतुपक्षगणना केवळ ग्रंथातली नव्हती. महाराष्ट्रातील सातवाहनांचे लेख हिचा पुरावा देतात. नाशिकच्या लेण्यांतील गौतमीपुत्र सातकर्णीच्या १८ व्या वर्षाच्या लेखात वर्षाऋतूचा दुसरा पक्ष, दिवस पहिला, असा काळ दिला आहे. गौतमी बलश्रीने भद्रायणीय भिक्खुसंघास लेणे दिल्याचा लेख पुळुमावीच्या १९ व्या वर्षाचा, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, दिवस तेरावा असा आहे. महिना पौर्णिमेला संपतो असे धरल्यास पहिली मिती आजच्या श्रावण शुद्ध प्रतिपदेची आणि दुसरी चैत्र शुद्ध त्रयोदशीची ठरते. आपल्याकडे आज महिना अमावास्येला संपतो, म्हणून जुन्या मितीचा वद्य पक्ष वाचताना महिन्याचे नाव एकाने मागे येते. ही खूणगाठ नसल्याने अनेक अभ्यासकांचे घोटाळे होतात.

याच सातवाहन काळात तेरणा नदीकाठचे तगर, म्हणजे आजचे तेर, हे दख्खनमधील एक भरभराटीचे नगर होते. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तानुसार भडोचहून पैठण २० दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस १० दिवसांवर तगर होते. तगर म्हणजेच तेर, हे समीकरण फ्लीट यांनी मांडले. येथील उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. गावातील त्रिविक्रम मंदिराचा गजपृष्ठाकार विटांचा भाग मूळचे बौद्ध चैत्यगृह होते, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींचे मत वेगळे आहे. स्तूपाचे अवशेष मात्र तेर येथे बौद्ध वस्ती होती हे सांगण्यास पुरेसे आहेत.

पैठणहून तेरला निघालेल्या भिक्खूंची कल्पना करावी. वाट दहा दिवसांची, पक्ष पंधरा दिवसांचा. तीन प्रवासांपैकी सुमारे दोनांत उपोसथाचा दिवस वाटेतच यावयाचा. अशा वेळी त्यांच्याजवळ पंचांग नव्हते आणि विचारावयास पुरोहितही नव्हता. चंद्र आणि मोजदाद एवढेच साधन. दोन विहारांची मोजदाद एका दिवसाने चुकणे अगदी स्वाभाविक होते. विनयाने हा प्रसंगही गृहीत धरला आहे. निवासी भिक्खूंच्या मते चतुर्दशी आणि आगंतुकांच्या मते पंचदशी असेल तर काय करावे? निवासी अधिक असतील तर आगंतुकांनी त्यांचे मानावे. संख्या सारखी असेल तरीही आगंतुकांनीच मानावे. आगंतुक अधिक असतील तर निवाशांनी त्यांचे मानावे. दिवस 'पवित्र' असता तर संख्येवर सोडला गेला नसता. संघाला महत्त्व होते ते एकत्र बसण्याचे. व्यापारी मार्गावरील तेरसारख्या नगरातील विहारात हा नियम वारंवार उपयोगी पडला असावा, असा आमचा तर्क आहे.

सम्राट अशोकाच्या शासनांतही हीच दृष्टी दिसते. सारनाथच्या स्तंभलेखात उपासकांनी आणि महामात्रांनी दर उपोसथाला येऊन शासनाचा आशय समजून घ्यावा, असा आदेश आहे. पाचव्या स्तंभलेखात चतुर्दशी, पंचदशी, प्रतिपदा व उपोसथदिनी मासे मारणे व विकणे वर्ज्य केले आहे. तिथी येथे लोकशिक्षणाचा आणि करुणेचा दिवस झाली आहे.

धाराशिव जिल्ह्याचे लोकजीवन आजही चंद्रावर चालते. चैत्र पौर्णिमेस येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. चैत्र वद्य त्रयोदशीस तेरला संत गोरोबाकाकांची पुण्यतिथी असते. विजयादशमीनंतरची तुळजाभवानीची निद्रा आश्विन पौर्णिमेस संपते व तुळजापूरला भाविकांची रीघ लागते. हीच आश्विन पौर्णिमा वर्षावासाच्या समाप्तीची, म्हणजे पवारणेची आहे. या योगायोगावरून अमुक यात्रा मूळची बौद्ध, असा निष्कर्ष काढण्याचा मोह काहींना होतो. आम्ही तो टाळतो. पौर्णिमा कोणा एका पंथाची नाही; अंधाऱ्या रात्रींच्या काळात दूरच्या माणसांना एकत्र आणणारा प्रकाश सर्वांनाच हवा होता. साम्य तिथीचे आहे, आशयाचे वेगळे सिद्ध करावे लागते.

पक्षगणना विसरल्याने व्यवहारात काय अडचण येते, याचे उदाहरण २०२३ सालचे आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने साधारण ३२ ते ३३ महिन्यांनी अधिकमास घ्यावा लागतो. त्या वर्षी आपल्या पंचांगात अधिक श्रावण होता. आषाढ पौर्णिमा ३ जुलैला आणि आश्विन पौर्णिमा २८ ऑक्टोबरला आली. मधले अंतर ११७ दिवसांचे, म्हणजे चार चांद्रमासांचे. वर्षावास तर विनयानुसार तीन महिन्यांचा, सहा पक्षांचा! श्रीलंका व थायलंड येथे त्याच वर्षी आषाढ द्विगुणित मानला गेल्याने त्यांची वर्षावासापूर्वीची पौर्णिमा १ ऑगस्टला झाली आणि तीन महिन्यांचा मेळ बसला. महिन्याच्या नावावर विसंबणाऱ्यास येथे कोडे पडते. पक्ष मोजणाऱ्यास पडत नाही. ४ जुलैला वर्षावास धरणाऱ्याचे तीन महिने २९ सप्टेंबरच्या पौर्णिमेस पुरे होतात, २ ऑगस्टला धरणाऱ्याचे २८ ऑक्टोबरला. विनयात वर्षावासाचे आरंभ दोन आहेत, पुरिमिका आणि एक महिन्यानंतरची पच्छिमिका. शिवाय बिंबिसाराने वर्षावास पुढील शुक्लपक्षावर नेण्याची विनंती केली, तेव्हा राजाच्या गणनेनुसार चालण्यास भगवंतांनी अनुमती दिली, असे महावग्ग सांगतो. अट्ठकथेच्या परंपरेत हा प्रसंग अधिकमासाशीच जोडला जातो. तेव्हा वाट ग्रंथात आहे; ती वाचणारे हवेत.

अंगुत्तरनिकायात नळकपान येथील उपोसथाचा प्रसंग आहे. भगवंतांनी रात्री बराच वेळ उपदेश केल्यावर पाठ दुखू लागल्याने सारिपुत्तांना पुढे बोलण्यास सांगितले. ज्याच्या ठायी श्रद्धा, लज्जा, वीर्य व प्रज्ञा नाही त्याची कुशल धम्मांत कृष्णपक्षातील चंद्रासारखी हानी होते, आणि ज्याच्या ठायी ती आहेत त्याची शुक्लपक्षातील चंद्रासारखी वृद्धी होते, असे सारिपुत्तांनी सांगितले. हा दृष्टान्त ज्यांच्यापुढे मांडला, त्या सर्वांनी चंद्र रोज पाहिलेला होता.

आमच्या विहारांतून आज उपोसथाची तारीख छापील दिनदर्शिकेवरून घेतली जाते. त्यात गैर काही नाही. परंतु ती तारीख का आली, हे विहारातील एकालाही सांगता येऊ नये, हे मात्र विनयाच्या आशयाशी विसंगत आहे. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन जिथे जिथे होते, तिथे वाचनापूर्वी पाच मिनिटे बाहेर अंगणात यावे, चंद्र कोठे आहे ते पाहावे आणि पक्षाची कितवी आहे ते मुलामुलींकडून मोजून घ्यावे. विहाराच्या भिंतीवर एक फळा टांगून त्यावर ऋतू, पक्ष व दिवस रोज लिहावा. सातवाहनांचे लेखक लिहीत तसाच. एका वर्षात हे ज्ञान सर्वांचे होईल, आणि दारी येऊन कोणी विचारले की आज पक्षाची कितवी, तर उत्तर द्यावयास कोणासही अडणार नाही.