गेंड्याच्या कातडीपासून कुत्र्याच्या कानापर्यंत

पारावर एखादा कुत्रा मागच्या पायानं कान खाजवीत बसलेला आपण नेहमी पाहतो. अंगाला तेलकट, कुबट वास. काखेतली कातडी काळी पडून जाड झालेली. 'लूत लागली' म्हणतो आणि त्याला हाकलून देतो. गेल्या पावसाळ्यात अंबड तालुक्यातल्या एका गावी, माझ्यादेखत, एका सद्‌गृहस्थांनी आपल्या अशाच कुत्र्यावर ट्रॅक्टरचं जळकं ऑईल ओतलं. हेतू चांगला होता. वडिलोपार्जित उपाय तो! कुत्र्यानं अंग चाटलं, उलट्या सुरू झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला.

मी इतिहास शिकविणारा माणूस, गुरांचा डॉक्टर नव्हे. पण ह्या खाजेलाही इतिहास आहे. आपल्या 'लूत' ह्या एका शब्दात निदान तीन रोग कोंबलेले आहेत. खरी लूत डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची. दुसरे गजकर्ण. आणि तिसरी यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी. पाव फुगविणारी यीस्ट निराळी. ही कातडीच्या तेलकटपणावर जगणारी. शास्त्रज्ञ हिला मॅलॅसेझिया म्हणतात.

हिची ओळख प्रथम माणसाच्या अंगावर पटली. छातीपाठीवर शिबे उठतात ना? त्यांत बुरशी असते हे आइश्टेट नावाच्या जर्मन डॉक्टराने १८४६ साली दाखविले. १८७४ मध्ये फ्रान्सच्या मॅलॅसेने डोक्याच्या कोंड्यात ती पाहिली, आणि १८८९ मध्ये बायाँ ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचेच नाव तिला दिले. जनावरांची पाळी आली ती १९२५ साली, आणि तीही कुठे? अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात! तिथल्या गेंड्याची कातडी सोलून निघू लागली होती. गेंडा आपल्याकडचा, भारतीय एकशिंगी. वाइडमन ह्यांना त्याच्या कातडीत एक नवी यीस्ट सापडली. तिच्या नावात 'जाड कातडीवाला' असा अर्थ आहे. पुढे १९५५ साली स्वीडनमध्ये गुस्टाफसन ह्यांनी कुत्र्यांच्या सुजऱ्या कानांत यीस्ट शोधली. तीही ह्याच गेंड्यावाल्या जातीची ठरली.

एवढे होऊनही, हा कुत्र्याच्या कातडीचा रोग आहे हे पशुवैद्यांना नीट पटायला १९८० नंतरचा काळ उजाडावा लागला. कारण मोठे मजेशीर आहे. निरोगी कुत्र्याच्या अंगावरही ही यीस्ट सापडते! मग चोर म्हणायचे कुणाला? उत्तर असे निघाले की, ही बाहेरून आलेली दरोडेखोर नव्हे, घरातलीच बिऱ्हाडकरू आहे. पिसवांची किंवा कशाची ॲलर्जी झाली, लोंबत्या कानात ओल राहिली, शरीरातल्या ग्रंथी बिघडल्या, की ती बेसुमार वाढते. म्हणून नुसती यीस्ट मारून भागत नाही. मूळ कारण तसेच राहिले तर महिन्याभरात खाज परत हजर.

ओळखायला फार यंत्रे लागत नाहीत. कातडीवर चिकटपट्टी दाबून किंवा कानातला तपकिरी मळ काचपट्टीवर घेऊन रंग दिला, की सूक्ष्मदर्शकाखाली भुईमुगाच्या शेंगांसारख्या पेशी दिसतात. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासून आहे. आपल्याला ते दूर नाही. उपचारात औषधी साबणपाणी आठवड्यातून दोनदा लावून दहा मिनिटे अंगावर ठेवावे लागते. घाईनं लगेच धुतलं तर औषध वाया.

मांजरांत हा रोग कमी. पण मांजराच्या अंगभर तो पसरला, तर आत एखादं मोठं दुखणं दडलेलं असू शकतं. आणि मांजर तर दिवसभर अंग चाटणारं. त्याला रॉकेल वा ऑईल लावू नयेच.

त्या सद्‌गृहस्थांनी आता नवं पिल्लू आणलंय, लोंबत्या कानांचं. परवा त्याचा कान वास मारू लागला, तेव्हा डबा काढण्याआधी त्यांनी मला विचारलं. मी त्यांना गुरांच्या दवाखान्यात पाठविलं.